गुरुवारचा लेस क्लब

निगडीतल्या आमच्या सोसायटीत दर गुरुवारी दुपारी चार वाजता लेस क्लब भरतो. क्लबच म्हणायचं. मंडळ म्हटलं की तो चालवणाऱ्या बाई नाक मुरडतात. या बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, क्लबही त्यांच्याच घरी. उभ्या जन्मात कधी शाळेत शिकवलं नाही की ऑफिसात पाय ठेवला नाही, तरी सगळ्या त्यांना मॅडम म्हणतात. क्रोशाची सुई धरली की करंगळी वर. चार टाके घातले की लगेच फोन काढायचा आणि चाळीस फोटो.

बरं, विणतात काय? टीव्ही भिंतीला चिकटून जमाना झाला, पण टीव्हीवरचे रुमाल काही थांबले नाहीत. पाण्याच्या बाटलीला झगा, मोबाइलला झगा. एकीने तर हात धुवायच्या साबणाच्या बाटलीला झालर लावली आणि बाकीच्यांनी ‘किती गोड गं!’ म्हणून टाळ्या पिटल्या. कप्पाळ माझं! या बायकांना उघडीनागडी बाटली दिसली की थंडी वाजते.

मी या क्लबात नाही. माझी आई आहे. वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि आल्यापासून तिच्या आठवड्यात एकच वार आहे. बुधवारीच पातळ इस्त्री करून ठेवते. गुरुवारी जेवण झालं की घड्याळाकडे बघत बसते. बाकीचे सहा दिवस तिला कुठे जायचं नसतं आणि तिच्याकडेही कुणी येत नाही.

क्रोशाचं काम ती साताऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा शिकली. वडील आकुर्डीला कारखान्यात होते, आम्ही चाळीत राहायचो. पुरुष शिफ्टला गेले की बायका दारासमोर सुया घेऊन बसायच्या. तोंडं अखंड चालू, हातही चालू. एकमेकींची उणीदुणी काढण्यात कुणी मागे नव्हती, पण एक रीत सगळ्या पाळायच्या: दुसरीचं विणलेलं आपण उसवायचं नाही. चुकलं असेल तर तिच्या हातात परत द्यायचं, ‘बघ गं, खांबाचा एक टाका जास्त झालाय’ म्हणायचं. ज्याचं त्यानं उसवायचं. आईने मला सुई हातात दिली तेव्हा साखळीच्या टाक्याआधी हे शिकवलं होतं.

तर यंदा मॅडमनी टूम काढली. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत महिला दिनाला क्लबचं भलंमोठं टेबलक्लॉथ मांडायचं. प्रत्येकीने घरून लहान लहान फुलं विणून आणायची, मग ती जोडायची. आईने मान मोडून फुलं विणली. हल्ली तिचा हात थरथरतो. एक पाकळी आवळलेली, दुसरी लोंबलेली. वाकडी होती फुलं, खोटं कशाला बोलू? पण दर गुरुवारी मॅडम ती सगळ्यांसमोर उचलून धरायच्या. “वा आजी! या वयात!” पुन्हा टाळ्या.

एका गुरुवारी मी आईला आणायला जरा लवकर वर गेले. आई आत हात धुवायला गेली होती. मॅडमच्या मांडीवर आईचा फुलांचा डबा उघडा होता, आणि बाई एकेक फूल काढून सरासरा उसवत होत्या. शेजारी उसवलेल्या दोऱ्याचा गुंडा.

“हे काय चाललंय?”

“शूऽऽ! अहो, कंपनीत मांडायचंय, सगळं एकसारखं नको दिसायला? नंतर मीच विणते नव्याने. आजींना कुठे कळतंय! त्या खूश, आपलंही काम झालं.”

बाकीच्या सगळ्या माना खाली घालून विणत होत्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माझं डोकंच फिरलं.

“मॅडम, चोरसुद्धा चोरी करून वर टाळ्या वाजवत नाही हो! फुलं वाकडी होती तर तोंडावर सांगायला काय जीभ झडली होती? तुमची लायकी बाटल्यांना झगे घालायची, तेवढंच करा!”

मागे वळले तर आई दारात. ओले हात पदराला पुसत होती. “चल घरी,” एवढंच म्हणाली.

घरी येऊनही माझी टकळी चालूच. “आजींना कळत नाही म्हणे! एवढा माज?”

“मला ठावं होतं,” आई म्हणाली.

“काय?”

“माझी फुलं त्या जोडलेल्या कापडात न्हाईत हे मला दिसत न्हाई व्हय? हात हालतोय माझा. डोळं हायेत अजून.”

“मग गप्प का बसलीस? दुसऱ्याचं उसवू नये हे तूच शिकवलंस ना?”

“शिकवलं. तवा दारासमोर धा बायका असायच्या. एकीशी बिनसलं तर दुसरीच्या बाजूला सरकायचं. आता मी कुठं सरकू? आन् तू सगळ्यांच्या देखत बोललीस. आता त्यांनापण ठावं झालं, की मला ठावं हाय.”

त्या बाईबद्दल माझं मत आजही तेच आहे. भिकार बाई. पुढच्या गुरुवारी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, लॅपटॉप उघडा, कानात हेडफोन. पावणेचारला आई पातळ नेसून, डबा घेऊन दाराशी उभी.

मी हेडफोन काढला. “कुठे निघालीस?”

“वर.”

“त्या बाईकडे? परत उसवेल ती!”

“उसवू दे. चहाला बसलं की कुणीतरी इचारतं, आजी, रातच्याला झोप लागली का.” चप्पल घालता घालता ती थांबली. “तू दिसभर घरात असतीस. पर ते कानाला लावून बोलतीस. मला वाटतं माझ्याशीच बोलाय लागलीस. सकाळधरनं दोनदा ओ दिली मी.”

एवढं बोलून तिने दार ओढून घेतलं.