चाळीस प्लेटा तर्री-पोहे

माजरीच्या कोळसा खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा तर्री-पोह्याचा गाडा आहे. मी आणि नवरा, दोघंच. गाडा टाकून वर्ष झालं तरी हातात काही उरेना, तेव्हा त्याच्या मामेभावानं पुण्यात वॉचमनची नोकरी बघून ठेवली. सोमवारी निघायचं ठरलं. मी तोंडानं 'जा' म्हटलं, पण मनातून त्यानं जाऊ नये असंच वाटत होतं.

हिशेब माझ्याकडे असतो. दहावीला गणितात मी पहिली आले होते, हे मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवतेच. जागेचं भाडं, गाड्याचा हप्ता, सिलिंडर मिळून रोजचे तीनशे साठ रुपये जातात, पोहे खपोत न खपोत. प्लेट पंचवीसची, तीत आमचे बारा सुटतात, असं मी धरलं होतं. म्हणजे तिसाव्या प्लेटला खर्च निघाला, पुढची कमाई आपली. चाळीस तर खपत होत्या. मग पैसे जात कुठे होते? मी सरळ नवऱ्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर आळ घेतला. बिचाऱ्यानं आईची शपथ घेतली.

शनिवारी मी गाड्याजवळ नुसती बघत उभी राहिले. "भाऊ, थोडी तर्री." "बाई, अजून थोडी." तर्री म्हणजे चण्याचा तिखटजाळ रस्सा. आमच्याकडे पोहे खाणारा ती दुसऱ्यांदा मागतोच, आणि देणारा तिचे पैसे घेत नाही. मी प्लेटमागं एकच पळी धरली होती. दुसरी-तिसरी पळी हिशेबात आलीच नव्हती. लहानपणापासून फुकट खाल्लेली वस्तू, तिलाही चणे नि तेल लागतं हे डोक्यातच आलं नाही. ते धरलं तर बारातले चार गेले, उरले आठ. म्हणजे नुसता खर्च निघायलाच पंचेचाळीस प्लेटा हव्या होत्या. वर्षभर आम्ही हसत हसत तोट्यात पोहे वाढत होतो! घ्या, गणितात पहिली.

"वरच्या तर्रीचे पाच रुपये लावू," मी म्हटलं.

"लोकं गाडा उलटा करतीन," नवरा म्हणाला. "तर्री बंद नाई होणार. फ्रीज घेऊ, थंडा विकू."

फ्रीजचा हप्ता आणि वीज धरून रोजचे दीडशे, एका बाटलीमागं सुटणार तीन. पन्नास बाटल्या खपल्यावर कुठं त्याचा खर्च निघणार. "पन्नास थंडे? मंग मीच पीत बसू काय जी?" मी म्हटलं. त्यापेक्षा दुपारी खाणीची पाळी सुटते तेव्हा गाडा पुन्हा लावला, तर वरचा खर्च फक्त गॅसचा, ऐंशी रुपये. तो दहा प्लेटांत निघतो. आधी हेच करायला हवं, हे उघड होतं. पण एकानं गाडा सांभाळायचा, एकानं घरी पुन्हा तर्री करायची, म्हणजे माणसं दोन लागतात. आणि सोमवारपासून मी एकटीच.

रविवारी संध्याकाळी मी त्याचे शर्ट घड्या करून बॅगेत ठेवत होते, ठेवलेला पुन्हा काढून घडी मोडत होते. तो शेजारी येऊन बसला.

"पुण्याहून मी किती पाठवीन?"

"खोली, खाणं जाऊन महिन्याचे सहा हजार."

"मंग घरी राहून तेवढेच कमवाले किती प्लेटा विका लागन? तुया हिशेबानं सांग."

हे मला सुचलंच नव्हतं. फ्रीजचं गणित केलं, गॅसचं केलं, नवऱ्याचं केलं नाही. सहा हजार म्हणजे रोजचे दोनशे, पंचवीस प्लेटा. सकाळी कमी पडतात त्या पाच, दुपारच्या गॅसच्या दहा.

"दुपारी चाळीस," मी म्हटलं.

"बस?" तो म्हणाला. "चाळीस प्लेटांसाठी तू मले पुण्याले धाडून राह्यली होती काय वं?"

मी हसायला गेले अन् रडूच फुटलं. किती तरी वेळ थांबेना.

सोमवारी दुपारी सतराच खपल्या. भांडी घासता घासता मी भीत भीत विचारलं, "आता?"

"आता काय? उद्या अर्धा घंटा आंधी गाडा लावू." त्यानं माझ्या हातातलं पातेलं घेतलं. "मामेभावाले तर मी सकाळीच फोन करून नाई म्हणून सांगतलं."