लालासाहेबांनी भरलेला फारम

आष्ट्याच्या तालमीत लालासाहेबांना सगळे वस्ताद म्हणत. साठी उलटलेली, कान कुस्तीनं चुरगळलेले, मान आखूड. अक्षर मात्र असं, की तलाठ्यानं थांबून बघावं. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांची यादी तीस वर्षं तेच लिहीत.

बायको प्लेगात गेली. एकुलता कृष्णात पलटणीत होता, तो चव्वेचाळीस साली इटलीत पडला. घरात वस्ताद आणि सून चंद्राबाई, दोघंच उरली. सासरा-सून बोलणार तरी काय? घरात शिरताना वस्ताद उंबऱ्यावर खाकरत, चंद्राबाई पदर सावरून ताट वाढी. ते जेवून उठले, की ती जेवायला बसे. तरी चुलीपुढं कुणीतरी आहे, याचा त्यांना आधार वाटे.

चंद्राबाई माहेरी, पलूसला, सातवीची फायनल पास झालेली. लढाईत गेलेल्या शिपायांच्या विधवांसाठी शिक्षणाच्या काही जागा निघाल्यात, त्यांची परीक्षा साताऱ्यात होणार, ही बातमी वस्तादांनीच आणली. परीक्षेला तिला मोटारीनं घेऊन गेले आणि दिवसभर कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसून राहिले. ती सगळ्यांत चौथी आली.

मग पसंतीचा फारम आला. भरून पाठवायला चार दिवस होते, आणि नेमका तिच्या आईच्या आजारपणाचा निरोप आला. फारमवर सही करून ती निघाली.

"पुण्याला मास्तरणीचं ट्रेनिंग मिळालं तर सोनं, मामा," ती दारात म्हणाली. "ते न्हाई झालं तर मिरजंला नर्सचं. आन् कायच न्हाई तर सांगलीत शिवणकाम."

"जा तू. मी लिवतो."

फारमवर छापलं होतं, 'पसंतीप्रमाणे ओळीने लिहा', आणि खाली तीन कोऱ्या ओळी. आकडे नव्हते. वस्तादांना ओळ एकच ठाऊक, मैदानाची. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग फेट्याच्या, आणि सगळ्यांत शेवटी मोठी जोड. मोठी कुस्ती आधी लावली तर मागच्यांना बघायला कोण थांबेल? त्यांनी सुरेख अक्षरात वर सांगलीचं शिवणकाम लिहिलं, मधे मिरज आणि खाली पुणं. पुण्याखाली जाड रेघही ओढली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. चंद्राबाई परत आली होती. तिनं ते दोनदा वाचलं.

"सांगली मिळाली, मामा. शिवणकाम." पत्राची घडी घालत म्हणाली, "बरं झालं. जवळच हाय. दर शनवारी घरी येता येईल."

वस्तादांच्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्या एका क्षणापुरतं त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"चौथी आलीस की तू! मग पुणं का न्हाई?"

"तुमी वर काय लिवलंत?"

"शिवणकाम. बारकी कुस्ती आधी न्हाई का लागत?"

चंद्राबाईला हसू फुटलं, पदर तोंडाशी धरून ती हसली. कृष्णात गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. हसताहसताच ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गोष्ट गावभर झाली. शेजारची बनुबाई भिंतीवरून म्हणाली, "आवं वस्ताद, लय पक्का डाव टाकलासा! भाकरीची सोय झाली म्हना की."

तालमीतला जुना जोडीदार दादासो म्हणाला, "गप बस गड्या आता. मुद्दाम केलं न्हाईस न्हवं? देवानंच दिलंय म्हन."

"मुद्दाम न्हाई केलं," वस्ताद म्हणाले. "पर पत्र आल्यावर मला ग्वाड लागलं रं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ते सुनेला घेऊन साताऱ्याला गेले. कारकून भला होता, पण त्याचेही हात बांधलेले. "आजोबा, यादी लागली. पुण्याच्या जागा भरल्या. सांगली सोडल्याचं बाईंनी लिहून दिलं, तर पुण्याच्या वाट बघणाऱ्यांत पहिलं नाव घालतो. पण कुणी गळलं नाही, तर पुणंही नाही आणि सांगलीही नाही."

चंद्राबाई हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मामा. तुमास्नी तरी कोण हाय?"

वस्तादांनी कारकुनाच्या टेबलावरचा टाक उचलला, दौतीत बुडवला आणि तिच्या हातात दिला. "कर सही," एवढंच म्हणाले.

सतरा दिवस काहीच आलं नाही. त्या सतरा दिवसांत तिनं एकदाही त्यांना बोल लावला नाही, आणि तेच त्यांना जड गेलं. अठराव्या दिवशी पोस्टमन आला. पुण्याच्या यादीतल्या एका बाईंचं पुन्हा लग्न ठरलं होतं, त्यांची जागा चंद्राबाईला मिळाली होती.

सांगलीच्या स्टेशनावर चंद्राबाई पाया पडली. वस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सून घरात आल्यापासून तिला आशीर्वाद त्यांनी लांबूनच दिला होता.

घरी आले आणि सवयीनं उंबऱ्यावर खाकरले. मग तसेच उभे राहिले. आत कुणी पदर सावरणार नव्हतं.

बनुबाई कालवण आणून देई, भाकरी ते स्वतःच थापत; कडा जाड होत. म्हाताऱ्यानं सुनेला अडकवायला बघितलं, असं गावात पुढंही बोललं जाई. वस्तादांनी ते कधी खोडून काढलं नाही.

पहिल्या महिन्यात पुण्याहून कार्ड आलं. अभ्यास झेपतो, खोलीत आणखी तिघी आहेत, इथली भाजी गोडसर असते. शेवटी विचारलं होतं, जेवणाचं कसं चाललंय?

वस्तादांनी कार्ड आणलं, दौत काढली. 'जेवण वेळेवर होते. काळजी नसावी. अभ्यास करणे,' एवढं वळणदार लिहिलं आणि थांबले. कार्ड अर्ध्याहून अधिक कोरं होतं. लिहायला पुष्कळ होतं, पण ते वाचून ती पहिल्या गाडीनं परत आली असती. त्यांनी खाली सही केली आणि कार्ड पेटीत टाकायला निघाले.