पाहुण्यांचा पेला

समस्त श्रोत्यांस गंभीरपणे कळविण्यात येते की, भाषण करताना मी पाण्याला हात लावत नाही. बोलून बोलून घसा सुकला, तरी समोर बशीने झाकलेला पेला आला की मी जळकोटजवळच्या त्या गावात जाऊन पोचतो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. नवे कलेक्टरसाहेब गावात येणार होते. त्यांच्याकडे टँकर मागायचा होता आणि बोलायचं होतं मी, गावातल्या नव्या मास्तरनं. चिंचेखाली माणसं रिकाम्या घागरी घेऊनच बसली होती. साहेब येऊन बसले, मी ‘आदरणीय’ एवढं म्हणालो आणि जीभ टाळूला चिकटली. पुढचं काही आठवेना. टेबलावर साहेबांसाठी दोन कोसांवरून आणलेलं पाणी होतं. मी बशी उचलली आणि तांब्याचा वास असलेलं ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

सगळं गाव गप्प झालं. आज सभा अशी गप्प झाली की मला मजा येते. तेव्हा मात्र वाटलं, गेला आपला टँकर.

तेवढ्यात पुढे बसलेली सरूबाई घागर घेऊन उठली आणि ओरडली, “सायब, मास्तरचे हे हाल हायत, मंग आमचं काय असंल?”