तपासणीला येणाऱ्या बाई

गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाला संचालक हवा होता आणि निवड समितीत मीही होतो. पेडण्याच्या एक बाई मुलाखतीला आल्या आणि खुर्ची आमच्या टेबलाजवळ ओढून बसल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "खाणीकडचं एखादं कॉलेज अगदीच कच्चं निघालं, तर बंद कराल?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"बंद केलं तर थंयची चेडवां पणजीक शिकूक येवची नात, सायबा. आईबाप मुलींना घरीच बसवतील. मी उणिवा स्पष्ट सांगेन, आणि त्या भरून निघेपर्यंत पुन्हापुन्हा जाईन."

"आणि तरीही नाही सुधारलं तर?"

"तर बंद करीन. पण आधी मुलींची दुसरीकडे सोय लावून."

आम्ही एकमतानं त्यांनाच निवडलं. तपासनिसाची कुणी आतुरतेनं वाट पाहील, असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.