दोन वेळा खोकणारे मोठेबाबा

माझ्या मोठेबाबांनी कधी अडवलं नाही असा माणूस बालाघाटात शोधून सापडायचा नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राइस मिलच्या मोठ्या फाटकावर त्यांनी जन्मभर चौकीदारी केली. मिल सुटून कित्येक वर्षं झाली, पण फाटक काही त्यांच्यातून सुटलं नाही.

त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी कटंगीजवळच्या आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, सांगावी लागतील. मी शाळेत असताना तिथल्या धानावर लागोपाठ करपा पडला. आधी पानांवर राखी ठिपके, मग लोंबीची मानच काळी पडून मोडायची. वडील लोंबी तळहातावर चोळून फुंकर मारत आणि हातात काही उरत नसे. आई कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, शिजवायची, तीही मोठेबाबांनी मिलमधून पाठवलेली. दहावीनंतर माझी शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हा मोठेबाबा बसने आले, वडिलांना ओसरीवर बसवून काहीतरी बोलले आणि माझी पेटी उचलून चालू लागले. मिलच्या आवारातल्या एका खोलीत त्यांची बायको, म्हणजे मोठीआई, आणि मी राहायचो, मोठेबाबा फाटकावर राहायचे. त्या खोलीतून मी कॉलेजात गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कोणी विचारो न विचारो, मी हे सांगते.

मोठेबाबांचे तीन प्रश्न ठरलेले: कोण, काहून, कोणापाशी? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांची काठी आडवीच. एकदा मिलचे सेठ तीर्थाहून डोकं आणि मिशी भादरून आले, तर मोठेबाबांनी त्यांनाच उन्हात उभं केलं. आतून मुनीम धावत आले तेव्हा कुठे ओळख पटली. सेठनी रागवायचं सोडून सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली, आणि ती थाप आमच्या गल्लीला आजवर भोवते आहे. आता ते गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. दूधवाला रोज येतो, रोज सांगतो की मी दूधवाला. शेजारच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून आला तर यांचं म्हणणं, सेहऱ्यामागे कोण आहे ते आधी दाखवा. सेहरा वर झाला, मोठेबाबांनी नीट न्याहाळलं आणि सलाम ठोकून वरात आत सोडली. नवरीच्या बापाने नंतर मला विचारलं, तुमचे मोठेबाबा नेहमी असेच असतात का? मी म्हटलं, आज जरा नरमच होते.

पुढे मी एका संशोधन संस्थेत लागले, तीही धानाच्या करप्यावर. एका सुट्टीत त्यांना माझं काम समजावून सांगितलं. धानाच्या पेशीत काही प्रथिनं असतात, ती रोगाची बुरशी ओळखतात. ओळख पटली की आजूबाजूच्या पेशींना जागं करतात आणि बुरशी तिथेच अडते. आमच्या धानात हा करपा ओळखणारं कोणी नाही, तळ्याकाठच्या जंगली धानात आहे. म्हणून त्याचा जीन काढून आमच्या धानात घालायचा. मोठेबाबा खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे धानातबी चौकीदार असते?" मी हो म्हटलं. मग आपल्या नोकरीला आज कुठे खरा मान मिळाला, अशा थाटात ते गल्लीभर ही बातमी देत फिरले. दूधवाल्याला त्या दिवशी प्रश्न माफ होते.

इकडे माझं काम मात्र फसत होतं. जीन रोपांत गेला होता, चाचणीत दिसत होता, आणि तरीही रोपांवर करपा जसाच्या तसा. मला एकच हंगाम उरला होता. तोही गेला असता तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं आणि मी परत कटंगीला, जिथे माझ्या शिक्षणाचा हिशेब विचारायला सगळे टपलेलेच होते. तोंड पाडून बालाघाटला आले. मोठेबाबांनी मलाही तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्यावर मी रडले.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "चौकीदार एकटाच पाठवला का?"

मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी आधी कधी ऐकली नव्हती. मिलच्या मागच्या फाटकावर त्यांचा जोडीदार होता, बिरसा गावाकडचा. बोलायचा कमी, पण घंटा त्याच्या हाती. मोठेबाबा माणूस ओळखायचे आणि दोन वेळा खोकायचे, तिकडे हा घंटा वाजवायचा, की सगळे हमाल गोळा. एकदा सेठनी मोठेबाबांना एकट्यालाच दुसऱ्या गोदामावर पाठवलं. तिथे भरदिवसा एक जण पोतं उचलून निघाला. मोठेबाबा दोनदा खोकले. घंटेवरच्या नव्या माणसाने उठून त्यांना खोकल्यावरची मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, आणून दिली.

"म्या तं चोर बरोबर वळखला होता, पोरी," ते म्हणाले. "पण माह्या खोकल्याचा मतलब त्याले कोण सांगन?"

मी हसले आणि हसता हसता माझी वही काढली. खरं सांगायचं तर यात नवीन काही नव्हतं. काही चौकीदार प्रथिनं जोडीनेच काम करतात, एक ओळखतं, दुसरं घंटा वाजवतं, हे पुस्तकांत लिहिलेलंच आहे. माझ्या वहीत त्याच्याखाली माझ्याच हाताची लाल रेघ होती. पण आमच्या धानात घंटा वाजवणारा कोणी असेलच, असं मी धरून चालले होते. परत जाऊन संस्थेतल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, हे तुला केव्हाच सुचायला हवं होतं. पुन्हा तपासलं. जंगली धानात त्या जीनला लागूनच जोडीदाराचा जीन होता. आमच्या धानातला मोडका, कामाचा नव्हता. या वेळी दोघांनाही सोबत पाठवलं.

गल्लीत मात्र इतिहास वेगळा आहे. तिथे संशोधन मोठेबाबांनी केलं आणि मी लिहून घेतलं. मी दुरुस्त करत नाही. त्यांची मागणी एकच होती, माझ्या शोधनिबंधात कुठेतरी मागच्या फाटकावरच्या जोडीदाराचंही नाव यावं. असं नसतं, म्हणून समजावलं. "तो गेल्यापासून मी किती खोकलो," म्हणाले. "सारे दवाखान्यात जा म्हणते."

रोपं दाखवायला मी त्यांना संस्थेत घेऊन गेले. ऑटोचं भाडं देत मी मागे राहिले, तेवढ्यात फाटकावरच्या तरुण चौकीदाराने त्यांच्यापुढे काठी आडवी केली. कौन हैं, क्यों आए, किससे मिलना है? इतकं आनंदलेलं त्यांचं तोंड मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्यांनी ताठ उभं राहून सलाम केला आणि त्याच क्रमाने उत्तरं दिली: चौकीदार. जोडीदार पाहाले आलो. आमच्या पोरीपाशी.

जाळीघरात ते वाकून एकेक पान पाहत गेले. आमचं साधं धान ठिपक्यांनी भरलं होतं. शेजारच्या रांगेशी ते थांबले, हळूच दोन वेळा खोकले आणि कान देऊन उभे राहिले.

परवानगी मिळून हे धान आमच्या बांधीत पोचायला अजून वर्षं लागतील. पण त्या हंगामात, जोडीने जीन दिलेल्या रांगेत करपा पडला नाही.