सगळ्यांना उत्तेजनार्थ

पुण्यात परीक्षक होण्यासाठी फार काही लागत नाही. माणूस निवृत्त असावा, रविवार मोकळा असावा आणि नाही म्हणायची सवय मोडलेली असावी. मी एके काळी एका दैनिकात चित्रप्रदर्शनांवर लिहायचो. तेवढ्या भांडवलावर वारज्याच्या एका शुश्रूषा केंद्रानं मला चित्रकला स्पर्धेसाठी बोलावलं. केंद्रात कायमचे राहणारे आणि सकाळी सोडून संध्याकाळी नेले जाणारे, असे दोन्ही प्रकारचे वृद्ध स्पर्धक होते. विषय होता 'माझं आनंदी घर'. घरी सांभाळता येत नाही म्हणून माणसं जिथं आणून ठेवतात, तिथं हा विषय कुणाला सुचला, हे मी विचारलं नाही. समितीला प्रश्न विचारला की ती उपसमिती नेमते.

हॉलमध्ये लांब टेबलं, तेलखडू आणि प्रत्येक दोघातिघांमागे एक सांभाळणारी मावशी. बहुतेक कागदांवर आपल्याकडे शाळेत सगळेच काढतात ते चित्र होतं: दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी. यांतलं कोणीही आयुष्यात झोपडीत राहिलं नसावं. आभाळ मात्र सगळीकडे एकाच हातानं भरल्यासारखं दिसत होतं. मी एका मावशींकडे पाहिलं.

"आभाळ आम्हीच भरून देतो सर," त्या मोकळेपणानं म्हणाल्या. बोलणं नागपूरकडचं. "त्यायचा हात दुखते ना. अन् पांढरं राहिलं तर घरचे म्हणतात, तुमचं लक्ष नाही."

खिडकीजवळच्या एका बाईंनी आभाळ भरू दिलं नव्हतं. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, काम डाव्या हातानं चाललेलं. कागदावर एक बंद दार होतं, फ्लॅटचं, पितळी कडीचं. दाराशी चपलांचं कपाट. त्यातली एकेक चप्पल त्यांनी वेगळी काढली होती, टाच झिजलेलीसुद्धा. बाकी कागद कोरा.

"तुम्हीच का मार्क देणारे?" त्यांनी विचारलं.

"तिघं आहोत. त्यातला एक."

"मग नीट बघा. पहिला नंबर आला की इथं घरच्यांना बोलावतात. स्टेजवर. संचालक स्वतः फोन करतात, मग नाही म्हणता येत नाही कुणाला. मागच्या वर्षी एकांची मुलगी आली होती नाशिकहून."

"तुमचं कोण आहे?"

"मुलगा. वाघोलीला." त्या चपलेचा पट्टा गिरवत होत्या. "इथल्या बाकीच्यांची अमेरिकेत आहेत, ती रविवारी फोनवर तोंड तरी दाखवतात. माझा जवळ आहे ना, म्हणून दिसत नाही."

दार बंद का, असं मी विचारलं. घर आनंदी हवं होतं, म्हणून.

"वास्तुशांतीला गेले होते, तेवढंच. आत आता काय कुठं ठेवलंय, मला काय ठाऊक? जे पाहिलं नाही ते कसं काढू?"

चित्रांबद्दल इतकं सरळ वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. स्वतः लिहिलं तर कधीच नव्हतं.

मग आम्ही तिघं परीक्षक संचालकांच्या खोलीत बसलो. समोर वडे आणि बर्फी. दुसऱ्या परीक्षक म्हणजे लोकांची घरं सजवून देणाऱ्या एक बाई. तिसरे एक निवृत्त प्राचार्य, जे सकारात्मक विचारांवर व्याख्यानं देतात आणि दोन व्याख्यानांच्या मधेही थांबत नाहीत.

मी दाराचं चित्र पुढं केलं. "हे पहिलं."

"दार बंद आहे हो," प्राचार्य म्हणाले. "नकारात्मक वाटतं."

"आणि कॉम्पोझिशन रिकामं आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले. "पण मला कुणालाच खाली ढकलवत नाहीये. या वयात कसले नंबर लावायचे?"

प्राचार्यांना तेवढंच हवं होतं. "अगदी बरोबर. इथं सगळेच विजेते आहेत. सगळ्यांना प्रथम क्रमांक!"

संचालक घाईनं म्हणाले, "सर, प्रथम दिला की घरी फोन करावे लागतात. सगळ्यांच्या घरचे आले तर बसवायचं कुठं? पार्किंगच नाही."

"मग सगळ्यांना उत्तेजनार्थ," प्राचार्यांनी बर्फीचा तुकडा उचलला. "भेदभावच नको."

"म्हणजे कुणाच्याच घरचे येणार नाहीत," मी म्हणालो आणि खिडकीजवळच्या बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. प्राचार्य हसून म्हणाले, "म्हणजे आपण चित्र नाही, परिस्थिती बघून मार्क देताय."

चित्रच चांगलं आहे, असं मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझा मलाच आवाज पातळ वाटला. तो मुलगा वाघोलीला नसता, तर त्या चपला मला एवढ्या जिवंत वाटल्या असत्या का? दोन विरुद्ध एक असा निकाल लागला.

मधल्या आठवड्यात मी संचालकांना फोन केला. त्या एका मुलाला नुसतंच बोलावता येईल का?

"एकाला बोलावलं की बाकीचे विचारणार, साहेब. उद्या तुम्हीच लिहाल पेपरात."

मी पेपरात लिहिणं कधीच बंद केलं आहे, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

पुढच्या रविवारी बक्षीस समारंभ. सत्काराला जोडीनं यायचं, असा आग्रह होता, म्हणून बायकोलाही घेऊन गेलो. समई पेटेना, कारण पंखे चालू होते. पंखे बंद केल्यावर पेटली आणि सगळे घामाघूम झाले. मग प्रमाणपत्रं. प्रत्येकाला सारखं, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. प्राचार्यांनी 'सगळेच विजेते' पुन्हा सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

त्या बाई पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत होत्या. केस नीट बांधलेले, अंगावर इस्त्रीची साडी. प्रमाणपत्र मांडीवर ठेवून त्या दाराकडे बघत होत्या. मी स्टेजवरून खाली जाऊन शेजारी बसलो.

"पहिला कोण आला?"

"कुणीच नाही. सगळ्यांना सारखं दिलंय."

"असं कसं? एवढ्या जणांत पुढं कुणीच नाही?" त्यांनी फोल्डर उलटं करून पाहिलं. "मग फोन?"

"केले नाहीत. कुणालाच."

"त्याला केलाच नाही?"

"नाही."

त्यांनी दाराकडून मान वळवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "केला असता आणि आला नसता, तर?"

हा खरंच सुटकेचा श्वास होता की मला दिलेली सूट, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. परीक्षकांचा सत्कार. शाल, श्रीफळ. मी हात पुढं केला तोच संचालक माइकमध्ये म्हणाले, "वहिनी, आपणही वर या. अहो, कुटुंबाशिवाय फोटो कसा पूर्ण होणार?"

बायको संकोचत वर आली. तिला गजरा दिला. फोटोवाल्यानं आम्हाला जवळ सरकवलं. समोर पहिली रांग होती आणि मला दुसरीकडे कुठं बघावं ते सुचेना.

निघताना त्या बाईंनी डाव्या हातानं बायकोचा हात धरला.

"तुमच्या ह्यांचा पहिला नंबर आला वाटतं," त्या म्हणाल्या.

बायकोला काही माहीत नव्हतं. "हो ना, बघा की," म्हणत ती मनापासून हसली. त्याही हसल्या. मग तिच्या गजऱ्याचा त्यांनी वास घेतला आणि हात सोडला.

रिक्षात बायको म्हणाली, "किती मिश्कील बाई आहेत हो. कोण त्या?"

नारळ माझ्या मांडीवर होता, खड्ड्यागणिक घसरत होता. मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो.

"वाघोलीला मुलगा असतो त्यांचा," मी म्हणालो.

"अय्या, म्हणजे जवळच की," ती म्हणाली.