अक्काच्या गालाचे तीन इलाज

घरात पहिल्यांदा पदवी मिळवली की आणखी एक नोकरी कायमची गळ्यात पडते. तिला पगार नसतो, रजा नसते. तलाठ्याकडचं काम असो की कुणाचा एक्स-रे, "शिकलीया न्हवं ती, तिला घिऊन जावा," असं परस्पर ठरतं आणि मी साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी धरते. बी.एस्सी. मी माझ्या जोरावर झाले, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी अक्काच्या तोंडापायी सातारा-सांगली करून करून मी एवढी दमले होते, की सोमवारी वर्गात खुर्चीवरून उठून फळ्यापर्यंत जायचंसुद्धा जिवावर यायचं.

अक्का माझी थोरली बहीण. तिला कवठे महांकाळकडं दिलेली. दाजी पलटणीतून पेन्शनवर आलेले. एका थंडीत सकाळी अक्का चुलीपुढं बसली आणि फुंकणीत हवाच जाईना. डाव्या बाजूचं तोंड उतरलं होतं. तोंडावरनं वारं गेलं, असं गावानं सांगितलं. तेल चोळून झालं, शेक झाला, कबुतराच्या रक्तापर्यंत मजल गेली. आधी मिटतच नसलेला डावा डोळा पुढं मिटायला लागला, पण गाल आणि ओठाचा कोपरा काही वर आला नाही. प, ब, म नीट उमटत नव्हते. पाणी प्यायलं की अर्धं हनुवटीवर. अक्का भिंतीकडं तोंड करून, सगळे उठल्यावर जेवायची. दीड वर्ष तशीच जेवली.

तेवढ्यात तिच्या लेकीचं लग्न ठरलं, इस्लामपूरकडच्या बागायतदार घरात. मुहूर्त दिवाळीनंतरचा. सगळे खूश आणि अक्काच्या जिवाला घोर.

"लग्नात माझं ताट इहीणबाईच्या शेजारी मांडत्याल," ती मला म्हणाली. "तितं माझ्या हनुवटीवरनं आमटी गळाय लागली म्हंजे? पोरीला जलमभर टोमणं."

"मग बसू नकोस पंगतीला."

"व्हय, आन् पोरीची आई जेवलीच न्हाई म्हणून आनी एक टोमणा."

सांगलीत तेव्हा एक प्लास्टिक सर्जन नव्यानं बसायला लागले होते. वयानं माझ्याहून लहान, मोठ्या शहरात शिकून आलेले. आम्ही तिघं गेलो. दाजी कडक इस्त्रीत, ताठ बसलेले.

"साब, एकदम फिट करून टाका. परेडला उभी ऱ्हायली पायजे."

"मला कुटं परेडला न्यायचंय?" अक्का पदराआडून म्हणाली. "जेवायला बसायचंय."

डॉक्टरांनी तिचा गाल दोन बोटांनी वर उचलून पाहिला, सोडून पाहिला. मग नीट समजावून सांगायला बसले. हे मला आवडलं. नाहीतर आमच्यासारख्यांना कुणी समजावत बसत नाही, सही कुठं करायची तेवढं दाखवतात.

"पहिला प्रकार सोपा. कानाच्या पुढून चीर घ्यायची, गालाची कातडी सोडवायची, वर ओढायची, जास्तीची कापून शिवायचं. पण कातडी ती कातडीच. वर्ष-दोन वर्षांत परत सैल पडते."

"म्हंजे वाकळंचा वरचाच कपडा ताणायचा," अक्का म्हणाली. "आतल्या चिंध्या हायत तितंच."

डॉक्टर हसले. "दुसऱ्या प्रकारात त्या चिंध्यासुद्धा उचलतो, मावशी. कातडीखाली एक चिवट पडदा असतो. तो वर ओढून टाके घालायचे. ताण पडद्यावर पडतो, कातडीवर नाही. गाल आणि जबड्याची कड छान येते, पुष्कळ वर्षं टिकते. मात्र तो पडदा गाठायला कातडी लांबपर्यंत सोडवावी लागते. आणि ओठाच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा जोर पुरेसा पोचत नाही."

"आन् तिसरा?"

"तिसऱ्यात मांडीतून पट्टी काढायची, स्नायूवरच्या जाड आवरणाची. ती गालातून ओवून एक टोक ओठाच्या कोपऱ्याला, दुसरं कानशिलाला."

"दावं बांधल्यागत."

"अगदी तसंच. कोपरा खाली येणार नाही. पण गाल मात्र लोंबताच राहील."

"हसताना ती बाजू हलेल का?" मी विचारलं.

"नाही. तिन्हीपैकी कशानंच नाही. गेलेली नस यातलं काहीच परत आणत नाही."

मी थोडा विचार केला. पहिला बाद. दुसऱ्यानं गाल येतो, कोपरा येत नाही. तिसऱ्यानं कोपरा येतो, गाल येत नाही. "मग दुसरा आणि तिसरा एकदम केला तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आपण काय करता?"

"साताऱ्यात हायस्कुलात विज्ञान शिकवते."

"होईल. वेळ जास्त लागेल, पण चांगलं होईल."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही ऑपरेशन मीच करणार होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी परतीच्या गाडीत उभं राहूनसुद्धा माझे पाय दुखले नाहीत.

निघताना डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलं होतं. साखर आहे? बी.पी.? बिडी, तंबाखू?

"आवं न्हाई बा!" अक्का जवळजवळ रागावलीच. "आमच्यात बायका तंबाखूला शिवत न्हाईत." मीही मान हलवली.

शाळेला सुट्टी लागल्यावर अक्काला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सकाळी मी चहा आणायला खाली गेले. वर आले तर वॉर्डाच्या टोकाला नळापाशी डॉक्टर उभे, आणि समोर उकिडवी बसलेली अक्का, मांडीवर पत्र्याची डबी, तर्जनी काळी कुळकुळीत.

"मावशी, हे काय चाललंय?"

"दात घासतीया."

"कशानं?"

"मिसरीनं की."

"मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना?"

"न्हाई वो. तंबाखू खात्यात. हिला तव्यावर पार काळी हुस्तवर जाळायची. तिच्यात काय उरतंय?"

दाजी धावून आले. "साब, हमारी आई लावत हुती. ऐंशीव्या वर्साला ऊस सोलून खाल्लेला हाय तिनं."

"दिवसातून किती वेळा लावता?"

"सकाळी. भाकरी खाल्ल्यावर. सांजच्याला." अक्कानं डबीचं झाकण लावलं. "मधी एकांदी."

मी चहाची किटली धरून उभी. आमच्या घरात, शेजारात, सगळ्या आळीत बायका मिश्री लावतात. लहानपणी सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकात तोच जळका वास यायचा. तिला तंबाखू म्हणावं असं कुणाच्या मनात आलं नाही. डॉक्टरांनी मिश्री असा शब्द वापरला असता तर अक्कानं आनंदानं सांगितलं असतं, वर चिमूटभर देऊ केली असती.

डॉक्टर चिडले नाहीत. त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द केलं आणि बाकावर बसून त्यांनी सगळी बेरीज परत मांडली. सोडवलेली कातडी बारीक बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. तंबाखूनं त्या आकसतात. मग कानाजवळची कातडी काळी पडते, गळून जाते, आणि होतं त्यापेक्षा वाईट होऊन बसतं. म्हणून दुसऱ्या प्रकारासाठी आधी महिना-सव्वा महिना मिश्री पूर्ण बंद, नंतरही तेवढीच. नुसती पट्टी ओवायची तर कातडी फारशी सोडवावी लागत नाही, थोड्या दिवसांच्या बंदीवर तेवढं करू.

"दोन्ही करायचं," मी म्हणाले. "बंद करेल ती. मी घेऊन जाते साताऱ्याला."

अक्काला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

साताऱ्यात आमच्या दोन खोल्या. पहिल्या दिवसापासून तिचं डोकं ठणकायला लागलं. मग पोट. मिश्रीशिवाय तिला परसाकडं होईना. "माझं पोट तुझ्या त्या पडद्यापायी बंद पडलंय," ती सकाळी सकाळी ऐकवायची. मी एरंडेल आणलं, ओवा दिला, लवंग चघळायला दिली. आमचे हे रात्रपाळी करून यायचे, तर ही भांडी आपटायची. "पावनं, झोपा तुमी. मी काय, मुद्दाम करतीया व्हय?" मी पहाटे उठून डबे करायची, शाळेत जायची, आल्यावर तिची बोटं बघायची. पोरांची बोटं शाईसाठी बघते तशी. थोरल्या बहिणीची बोटं तपासणं हे काही सुखाचं काम नाही.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत घरी आले. जिन्यातच तो वास आला. वर अक्का स्टोव्हवर तवा ठेवून शेजारणीची तंबाखू भाजत होती. लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही.

मी दारातच पायरीवर बसले.

"अक्का, कुणासाठी करतीय मी हे सगळं?"

"त्येच इचारतीया मी. कुणासाठी?" ती तवा हलवत म्हणाली. "तोंडातला घास तोंडात ऱ्हावा, एवढंच मला पायजे. गाल चापूनचोपून बसावा ह्ये तुला पायजे. तुज्या बी.एस्सी.ला पायजे."

"दुसरा प्रकार चांगला आहे म्हणून सांगते मी."

"आसंल की. चांगलाच आसंल. माज्यानं हुत न्हाई."

दुसरा आणि तिसरा मिळून केलेलं काम नुसत्या तिसऱ्यापेक्षा चांगलं होतं. आजही विचाराल तर तेच सांगेन. पण गाल तिचा होता. आणि पुन्हा पहिल्यापासून महिनाभर तिच्यावर पहारा ठेवायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

"मिसरी किती दिस बंद म्हणाला त्यो, दाव्यासाठी?"

"आधी आठ-दहा, नंतर तेवढेच."

"तेवढं जमंल," ती म्हणाली आणि तवा खाली उतरवला.

तेवढं तिनं जमवलं. श्रावणात पट्टीचं ऑपरेशन झालं. गालापेक्षा मांडीच जास्त दुखली. डॉक्टरांनी कोपरा मुद्दाम जरा जास्त वर बांधला होता, पट्टी नंतर थोडी सैलावते म्हणून. त्यामुळं पहिले काही दिवस अक्का एका बाजूनं सतत हसल्यासारखी दिसायची.

"बघा मास्तरीणबाई," दाजी म्हणाले, "इतकी सालं नोकरी केली, पन असं तोंड करून कुनी सलूट मारला न्हवता."

"तुमच्याकडं बघून आपसूकच तसं व्हतंय," अक्का म्हणाली. "म" थोडा स्वच्छ उमटला होता.

दिवाळीपर्यंत कोपरा जागेवर बसला. गाल मात्र होता तसाच, पिशवीसारखा.

लग्नात पंगती उठल्या, आणि मग घरच्या बायकांची बसली. अक्काचं ताट विहीणबाईंच्या शेजारीच मांडलेलं. माणसं कमी पडली म्हणून आमटीची बादली माझ्या हातात आलेली. अक्कानं भात कालवला, पहिला घास घेतला आणि हात थांबवून बसली. गिळला. दुसरा घेतला.

विहीणबाई रांगड्या, तोंडावर बोलणाऱ्या. "आवं, ह्या गालाला काय झालंय तुमच्या?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"वारं गेलं हुतं," अक्का म्हणाली. "जेवताना गळायचं. सांगलीला आपरेशन केलंय."

"आन् आता?"

"आता न्हाई गळत."

"मग बरं हाय तुमचं," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या मालकाला तर काय सुदीक झालेलं न्हाई, तरी सदरा बघा जावा त्येंचा. आमटीची पार रांगोळी."

अक्का हसली. तोंडात घास असताना, चारचौघींत, पदर न लावता. हसताना तो गाल आणखीच वेडावाकडा दिसला, मला दिसला. कोपरा हलला नाही. हनुवटी कोरडी होती.

तिनं वाटी पुढं केली. मी आमटी वाढली.

"मास्तरीण, तुमी बसा आता," कुणीतरी म्हणालं आणि बादली माझ्या हातातून काढून घेतली. मी अक्काच्या समोर पाट ओढला आणि बसले.